उपचारासाठी परदेश निवडताना

उपचारासाठी कोणता देश निवडावा, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही देश आधी ठरवून मग रुग्णालय शोधत आहात, असे त्यावरून वाटते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. दंतोपचारांसाठी हंगेरी, केशरोपणासाठी तुर्कस्तान, सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी दक्षिण कोरिया ही नावे प्रसिद्ध आहेत खरी, परंतु शस्त्रक्रिया देश करत नाही, विशिष्ट शल्यचिकित्सक करतो. म्हणून तुमची नेमकी शस्त्रक्रिया त्यांनी गेल्या वर्षभरात किती वेळा केली, त्यांपैकी किती रुग्णांना गुंतागुंत झाली आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया तेच करणार आहेत का, हे लेखी विचारा. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर ते ठिकाण मी यादीतून काढून टाकते.

रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘जॉइंट कमिशन इंटरनॅशनल’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानांकन पाहणे उपयुक्त आहे. मात्र ते रुग्णालयाच्या कार्यपद्धतीचे मानांकन असते, डॉक्टरांच्या कौशल्याचे नव्हे.

खर्चाची तुलना करताना बहुतेक जण शस्त्रक्रियेनंतरचा काळ विसरतात, आणि मला सर्वाधिक काळजी त्याचीच वाटते. छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 दिवस विमानप्रवास टाळावा, असे अमेरिकेची ‘सीडीसी’ ही सरकारी रोगनियंत्रण संस्था सांगते, कारण विमानातील हवेच्या दाबात होणाऱ्या बदलांमुळे धोका संभवतो. तेवढ्या मुक्कामाचा खर्च आधीच धरा, आणि घरी परतल्यावर तपासणी करण्यास तयार असलेले डॉक्टर निघण्यापूर्वीच निश्चित करा.