मोठ्या फोटो-प्रिंटरवर कागद वाया का जातो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फोटो मनासारखा येईपर्यंत निम्मा रोल संपतो, ही तक्रार इतक्या पत्रांतून आली आहे की तिच्याशी निगडित प्रश्न एकत्र घेत आहे.

प्रश्न : २४ इंची रोलवर ए२ आकाराचा फोटो उभा छापल्यावर बाजूला बराच कोरा कागद उरतो. काय करावे?

उत्तर : फोटो ९० अंशांत फिरवून छापावा, ६१० मिमी रुंदीत त्याची ५९४ मिमीची बाजू बसते आणि दर फोटोमागे १७४ मिमी लांबीचा कागद वाचतो.

प्रश्न : मॉनिटरवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळपट येतो. तीन-चार प्रती काढाव्या लागतात. नवा मॉनिटर घ्यावा का?

उत्तर : घाई करू नये. बहुतेक मॉनिटरचा उजेड छपाईच्या कामासाठी फार जास्त ठेवलेला असतो. अशा पडद्यावर फोटो पुरेसा उजळ वाटतो, म्हणून आपण तो गडदच ठेवतो आणि दोष मात्र प्रिंटरला देतो. पडद्याची उजळता प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला एवढी ठेवावी आणि ती उपकरणाने मोजून घ्यावी. उपकरण नसल्यास जाणकार तंत्रज्ञाकडून एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्याची उजळता व रंग मोजून जुळवणे, करून घ्यावे.

याहून मोठी चूक मला जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) निवडले असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) रंगदुरुस्ती बंदच असली पाहिजे. दोन्ही चालू राहिल्या की एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती होते, त्वचेचा रंग बिघडतो आणि मग अंदाजाने फेरफार करत कितीही प्रती काढल्या तरी रंग जुळत नाही. हे तपासल्यावर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील फोटो कसा दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज, पाहावा आणि पूर्ण फोटोऐवजी चेहरा व सर्वांत गडद सावली दोन्ही येतील अशी १० सेंटिमीटरची पट्टी छापावी. ती पूर्ण सुकल्यावर, फोटो जिथे लावायचा आहे तशाच उजेडात पाहावी. पट्टी पसंत पडल्याशिवाय मोठी प्रत काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : पुरवठादार म्हणतो की सर्व ग्लॉसी कागदांना एकच प्रोफाइल चालते. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. प्रोफाइल हे ठरावीक प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या जोडीसाठी बनवलेले असते आणि ते ज्या मीडिया सेटिंगवर (ड्रायव्हरमध्ये निवडलेल्या कागदाच्या प्रकारावर) बनवले तेच सेटिंग छापतानाही ठेवावे लागते, कारण शाई किती सोडायची हे त्यावर ठरते. रोल खपवण्यासाठी दिलेल्या अशा आश्वासनाची किंमत ग्राहक वाया गेलेल्या कागदाने मोजतो. कागद बनवणाऱ्या कंपनीकडे तुमच्या प्रिंटरचे प्रोफाइल मागावे. ते नसल्यास तज्ज्ञाकडून बनवून घ्यावे.

प्रश्न : फोटोवर आडव्या रेघा येतात. ऐकीव सल्ल्यावरून दर वेळी हेड क्लीनिंग (शाई सोडणाऱ्या हेडची सफाई) करतो.

उत्तर : आधी नोझल चेक, म्हणजे हेडची सगळी छिद्रे शाई सोडतात का हे दाखवणारा नमुना, छापावा. त्यात तुटक रेषा असतील तरच क्लीनिंग करावे. नमुना अखंड असेल तर त्या कागदासाठी पेपर फीडचे (कागद पुढे सरकण्याच्या अंतराचे) समायोजन करावे. दोन-तीन क्लीनिंगनंतरही फरक पडला नाही तर थांबून तंत्रज्ञाला बोलवावे, कारण प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते.

प्रश्न : रोल संपत आला की कागदाची कड हेडला घासते. महिनाभर तसेच चालवले आहे.

उत्तर : छपाई आजच थांबवावी. रोलच्या आतल्या थरांना जास्त बाक असतो. कागद सपाट करून घ्यावा आणि प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे हेडची उंची वाढवावी. तरीही घासत असेल तर अधिकृत सेवा केंद्राने हेड तपासेपर्यंत त्या प्रिंटरवर एकही फोटो छापू नये.