घोडीच्या एकाच नाकपुडीतून पू येतो, बुरशी असेल का?

प्रश्न : घोडी सहा वर्षांची, वजन अंदाजे 300 किलो, चार महिन्यांची गाभण. दीड महिन्यापासून उजव्या नाकपुडीतून पिवळट, वास मारणारा शेंबूड येतो, कधी रक्ताची रेघही दिसते. अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली की आठवडाभर बरे, मग पुन्हा तेच. एकाने माणसाची फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी सुचवली आहे. देऊ का? आणि सारंगखेड्याच्या यात्रेला न्यावी का?
– एक वाचक, ता. शहादा

उत्तर : यात्रेचे आधी सांगतो. नेऊ नका. नाकातून पू येणाऱ्या घोड्याला ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग नाही हे सिद्ध होईपर्यंत वेगळे बांधायचे, त्याची बादली-तोबरा दुसऱ्याला वापरायचा नाही आणि उघड्या हाताने नाक पुसायचे नाही. हा रोग माणसालाही होतो. पशुधन विकास अधिकाऱ्यांना सांगून रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवून घ्या.

तो अहवाल निर्दोष आला, की मग बुरशीचा विचार. पण एकाच बाजूचा घाण वास आणि इंजेक्शनने तात्पुरता उतार, ही खूण सडलेल्या वरच्या दाढेचीही असते. त्या दाढांची मुळे सायनसला, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीला, भिडलेली असतात. त्यामुळे तोंड उघडून दाढा तपासा, एक्स-रे काढा आणि नाकात एंडोस्कोप (कॅमेऱ्याची नळी) घालून पाहा. बुरशी असेल तर खपलीसारखा थर किंवा गाठ दिसते. तिचा तुकडा तपासल्याशिवाय औषध ठरत नाही. नुसत्या शेंबडात बुरशी सापडली तर तिला फारसा अर्थ नाही, निरोगी घोड्याच्या नाकातही ती असते.

फ्लुकोनॅझोल देऊ नका. नाकात बहुधा सापडणाऱ्या बुरशीवर, म्हणजे अ‍ॅस्परजिलसवर ते चालत नाही. इट्राकोनॅझोल चालते, पण मात्रा किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या घोडीला रोज 1500 मिलिग्रॅम, 100च्या पंधरा कॅप्सूल, तेही काही महिने. शिवाय ती गाभण आहे, म्हणून पोटातले औषध शक्यतो टाळावे. बुरशीवर दिले जाणारे आयोडाइड तर मुळीच नको, शिंगराला जन्मतः गलगंड होऊ शकतो.

खरा उपचार जागेवरचा. गुंगीचे इंजेक्शन देऊन एंडोस्कोपखाली खपली काढतात आणि नळीने मायकोनॅझोलसारखे औषध तिथेच सोडतात. खपली न काढता वरून औषध टाकले तर ते खाली पोचत नाही, आणि बहुतेकदा अपयश इथेच येते. औषध सोडताना डोके खाली ठेवावे, नाहीतर ते श्वासनळीत उतरते. नाकात तेल, हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड घालणे म्हणजे सुजलेल्या नाकाला आणखी जाळणे. स्टेरॉइडनेही बुरशी बळावते.

भिजून काळा पडलेला कडबा तबेल्यातून काढा. चांगला कडबाही पाणी शिंपडून, जमिनीवरच खायला द्या. डोके खाली राहिले की नाकातली घाण आपसूक बाहेर पडते.

घोडी न पळताही नाकातून भळाभळा रक्त आले तर थांबू नका. घशामागच्या पिशवीतली बुरशी मोठ्या रोहिणीला पोखरते तेव्हा असे होते. पहिले रक्त थांबते, पण पुढचे जिवावर बेतू शकते. बोळा कोंबू नका, घोडी शांत ठेवा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी हलवा.