गुडघेदुखी आणि पाठ टेकून चालवायची सायकल

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ आहे. गुडघ्यांची झीज आणि कंबरदुखी यांमुळे तिचे फिरणे कमी झाले असून डॉक्टरांनी घरच्या घरी सायकलचा व्यायाम सुचवला आहे. उंच सीटच्या सायकलवर चढायला ती घाबरते, म्हणून पाठीला टेकू असलेली रिकम्बंट बाइक घ्यावी असे वाटते. घर लहान आहे. काय पाहून घ्यावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आईंची भीती रास्त आहे आणि आपला विचारही योग्य दिशेने चालला आहे. या सायकलची सीट खुर्चीसारखी रुंद असते आणि पॅडल समोर असतात. त्यामुळे पुढे वाकावे लागत नाही, मनगटांवर भार येत नाही आणि पडण्याची धास्तीही फारशी राहत नाही.

सर्वांत आधी सीटची उंची पाहा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कित्येकदा पॅडल मारण्यापेक्षा बुटक्या आसनावरून उठणे अधिक जड जाते. घरातल्या ज्या खुर्चीवरून आईंना सहज उठता येते, तिची उंची टेपने मोजून न्या आणि त्याहून बरीच खाली असलेली सीट घेऊ नका. बसता-उठताना धरायला सीटच्या दोन्ही बाजूंना मुठी हव्यात, आणि पाय फारसा न उचलता आत शिरता यावे.

दुसरी गोष्ट पायांच्या लांबीची. पॅडल सर्वांत दूर गेलेले असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार जवळ असली तर गुडघा जास्त दुमडून वाटीवर ताण येतो, आणि फार लांब असली तर पाय पुरवण्यासाठी कंबर पुढे घसरते. आईंची उंची बेताची असेल तर सीट पूर्ण पुढे आणूनही पाय पोहोचत नाहीत असे होऊ शकते. म्हणून केवळ छापील मापांवर विसंबून सायकल मागवू नका; आईंना दुकानात नेऊन दहा मिनिटे चालवू द्या, एवढा आग्रह मी जरूर धरेन.

रेझिस्टन्स, म्हणजे पॅडल मारताना पायांना होणारा विरोध, चुंबकीय असावा. त्यात काही घासत नसल्याने आवाज कमी होतो, मात्र सर्वांत खालची पातळी खरोखर हलकी आहे ना, हे आईंच्याच पायांनी ठरवावे. मोठ्या स्क्रीनसाठी जादा पैसे देऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे व्यायामातही नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे हँडल धरून दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यापेक्षा व्यायाम करताना सलग बोलता येते का, ही खूण अधिक भरवशाची. जागेसाठी सुमारे दीड मीटर लांबी धरा आणि घेण्यापूर्वी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून पाहा.

सुरुवात रोज पाच-दहा मिनिटांनी करावी. गुडघ्याला सूज आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, तिथवर सावकाश पोहोचता येईल. बसून केलेल्या व्यायामात शरीराचा भार हाडांवर येत नाही, म्हणून झेपेल तेवढे घरातल्या घरात चालणे आणि ओट्याला धरून तोल सांभाळण्याचा सराव, हे दोन्ही आईंनी सोडू नये.