बी नको, काडीच लाव

निफाडची बाग बघून आलास आणि आता बियांच्या द्राक्षातली बी रुजवायची म्हणतोस? थांब जरा. द्राक्षाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 19 जोड्या असतात. बी धरताना जोडीतलं एक गुणसूत्र वेलाकडून येतं, दुसरं परागकणातून. पराग त्याच वेलाचा असला तरी पत्ते नव्याने पिसले जातात, म्हणून रोप मूळ वेलासारखं निघत नाही. काडी म्हणजे त्याच वेलाच्या फांदीचा तुकडा, तिच्यात डीएनए तोच. मण्याचा आकार, रंगही तोच. डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या रोपावर, थॉमसन या बिनबियांच्या जातीचा डोळा (कोंब) भरून कलम केलंस तरी घड थॉमसनचेच. खुंट क्षार सोसतो, जनुकं देत नाही. यावर आमच्याकडे अजून वाद घालतात. आणि हो, एखाद्या फांदीवर वेगळेच लांब मणी दिसले तर छाटणीत उडवू नकोस, खूण बांध. सोनाका ही जात थॉमसनमधल्या अशाच जनुकीय बदलातून मिळाली. त्या काडीचे डोळे वेगळ्या खुंटावर भरून बघ.