चित्र टीव्हीवर, आवाज मात्र लॅपटॉपमध्ये

प्रश्न : लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला असता चित्र दिसते, पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो आणि पडद्याच्या कडाही कापल्या जातात. केबल बदलावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण नवी केबल मुळीच विकत घेऊ नये. एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र जातात. चित्र स्थिर आणि स्वच्छ दिसत असेल, तर केबल बहुधा ठीकच आहे. अडचण एवढीच आहे की, विंडोजने आवाज बाहेर पाठवण्यासाठी अजून लॅपटॉपचेच स्पीकर निवडलेले आहेत. पडद्याच्या खालच्या पट्टीतील स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाच्या उपकरणांची यादी उघडावी आणि तीत टीव्हीचे नाव निवडावे. ते यादीत नसेल, तर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ हा पर्याय निवडावा व यादी पुन्हा पाहावी. जुन्या व्हीजीए केबलची गोष्ट वेगळी आहे; तिच्यातून आवाज जातच नाही, त्यासाठी स्वतंत्र ऑडिओ केबल लावावी लागते.

कडा कापल्या जाण्याचे कारण टीव्हीत आहे. जुन्या प्रक्षेपणातील कडेचे दोष झाकण्यासाठी चित्र किंचित मोठे करून दाखवण्याची पद्धत, म्हणजे ओव्हरस्कॅन, अनेक टीव्हींत आजही सुरू असते. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ यांसारखा पर्याय निवडल्यास पूर्ण पडदा दिसेल.