संचालकांच्या यादीत शिंपी का नाही?

प्रश्न : माझ्या भाच्याचे दोन मित्र पुण्यात एक कंपनी चालवतात. ग्राहकाने मोबाइलवर आपली मापे भरायची आणि कंपनीने त्याच्या मापाचे शर्ट व सूट शिवून घरपोच पाठवायचे, असा हा व्यवसाय आहे. मी त्यात थोडी रक्कम गुंतवावी, असा भाच्याचा आग्रह आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘संचालक व सल्लागार’ या मथळ्याखाली ७ जणांची छायाचित्रे आहेत. त्यांपैकी कोणी बँकेत होते, कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणी जाहिरात क्षेत्रात, तर दोघे गुंतवणूक संस्थांचे आहेत. मात्र कापडाला कधी कात्री लावलेला एकही माणूस त्यांत नाही. माझे वडील शिंपीकाम करीत, त्यामुळे हे मला फार खटकते. माझे खटकणे रास्त आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खटकणे रास्त आहे, पण संचालक मंडळावर शिंपी नसणे हा काही दोष नव्हे. दोष असलाच तर तो निराळ्या ठिकाणी असतो, आणि तो समजण्यासाठी या धंद्यातील एक जुनी, बऱ्यापैकी टिकलेली कंपनी पाहू या.

कॅनडातील व्हँकूव्हरची ‘इंडोचिनो’ ही कंपनी २००७ मध्ये हेकल गानी आणि काइल वुको या विद्यापीठात शिकणाऱ्या दोन तरुणांनी सुरू केली. मापाचे सूट इंटरनेटवरून विकायचे, एवढीच मूळ कल्पना होती. दोघांपैकी एकही शिंपी नव्हता. आरंभी त्यांच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत याहू कंपनीचे माजी अध्यक्ष व मुख्य परिचालन अधिकारी जेफ मॅलेट होते. त्या वेळी अनोळखी माणसाने न पाहिलेल्या सूटचे पैसे आगाऊ भरावेत यासाठी त्याचा विश्वास कसा मिळवायचा, हाच मुख्य प्रश्न होता. तेव्हा इंटरनेटवरील व्यापार जाणणारा माणूस कामाचा होता. पुढे २०१३ मध्ये हायलँड कन्झ्युमर फंड या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने भांडवल आले. २०१५ मध्ये ड्रू ग्रीन मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. तेही ऑनलाइन व्यापारातून आलेले. आणि २०१६ मध्ये चीनमधील दालियनच्या दायांग समूहाने ३ कोटी डॉलर गुंतवले. ही १९७९ मध्ये सुरू झालेली, सूट शिवणाऱ्या जगातील मोठ्या कारखानदारांपैकी एक कंपनी. म्हणजे शिलाई जाणणारा भागीदार आला खरा, पण जवळपास ९ वर्षांनी, आणि तोही स्वतःचा कारखाना घेऊन.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणत्या वर्षी कंपनीला कशाची चणचण होती, हे तिच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांच्या पूर्वायुष्यावरून बरेचसे कळते. त्यामुळे ‘ही माणसे मोठी आहेत का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज ही कंपनी जिथे अडते आहे, तिथे यांतील कोणी पूर्वी अडून पार पडला आहे का?’ असे विचारावे.

मापाच्या कपड्यांची कंपनी नेमकी अडते कुठे, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असेल. वडिलांच्या वहीत एखाद्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांखाली ‘डावा खांदा उतरता’ किंवा ‘पोट पुढे’ असे खरडलेले असे. मोबाइलवरच्या अर्जात आकडे भरता येतात. ही टीप भरायला जागा नसते, आणि असली तरी आपला खांदा उतरता आहे हे बिचाऱ्या गिऱ्हाइकाला कुठे माहीत असते? शिवाय स्वतःचे माप घेताना माणूस श्वास रोखून पोट आत घेतो. तयार कपडा नको झाला तर तो दुसऱ्याला विकता येतो. दादाच्या मापाने शिवलेला कोट मात्र दादालाच बसतो. नाही बसला तर कापड, अस्तर, मजुरी आणि दोन वेळचा टपालखर्च असे सगळेच बुडते. पैसे आगाऊ मिळतात आणि न विकलेला माल गोदामात साचत नाही, हे या धंद्याचे सुख. न बसलेला कपडा हे त्याचे दुखणे. याच कारणाने ‘इंडोचिनो’ने पुढे प्रत्यक्ष माप घेणारी दालने उघडली, हे विसरू नये.

हे दुखणे न ओळखणारी हुशारी किती महाग पडते याचे उदाहरण जपानमध्ये आहे. ‘झोझो’ या बड्या ऑनलाइन कपडे कंपनीने २०१८ मध्ये अंगभर ठिपके असलेला मापाचा पोशाख लोकांना वाटला. तो घालून फोनने छायाचित्रे काढली की मापे मिळत. मापे ढिगाने मिळाली, पण सूट वेळेवर शिवून पोहोचवणे जमेना आणि त्याच वर्षी तो पोशाख वाटणे आवरते घेण्याची वेळ आली. माझ्या मते तिथे माप घेण्याचा प्रश्न सुटला होता, शिवण्याचा सुटला नव्हता.

तेव्हा भाच्याच्या मित्रांना विचारा की गेल्या वर्षात शंभरातील किती कपडे दुरुस्तीला परत आले, किती नव्याने शिवावे लागले, आणि हा आकडा संचालकांच्या बैठकीत कोण मागतो. कारखाना, कपड्यांची साखळी दुकाने किंवा परत आलेल्या मालाचा हिशेब यांपैकी काहीतरी अंगाखालून गेलेला एक माणूस त्या सातांत असला तरी पुरे. कटिंग मास्टर नोकरीत असू शकतो. पण त्याचे म्हणणे कळणारा माणूस मंडळावर हवा.

आणखी एक गोष्ट. ‘संचालक व सल्लागार’ हा एकत्र मथळाच मला संशयास्पद वाटतो. सल्लागाराला कंपनी कायद्यात संचालकाचे स्थान नाही आणि संचालकाची जबाबदारीही नाही. छायाचित्र छापून घेतले की त्याचे काम संपू शकते. खासगी कंपनीला किमान २ संचालक पुरतात, त्यामुळे सातांपैकी खरे संचालक तेवढेच असण्याचाही संभव आहे. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोध घेतल्यास ते कळेल. त्याच व्यक्ती आणखी कोणत्या कंपन्यांवर आहेत हेही पाहावे. सलग ३ वर्षे वार्षिक विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपनीचा संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो. असा इतिहास माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

प्रश्न : अशा कंपनीत गुंतवणूक संस्थेने आपला माणूस संचालक म्हणून बसवला, तर तो त्या संस्थेचा की कंपनीचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कायद्याने कंपनीचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ नुसार प्रत्येक संचालकाने कंपनीच्या हिताला धरून, सद्हेतूने वागले पाहिजे, मग त्याला कोणीही नेमलेले असो. व्यवहारात मात्र तो ज्यांच्या पैशासाठी आला त्यांच्या घड्याळाकडे पाहतो. संस्थेला ठरावीक वर्षांत पैसा काढून घ्यायचा असतो, त्यामुळे तो वाढीचा आग्रह धरतो. आणि मापाच्या कपड्यांत आवाक्याबाहेर मागणी घेतली की शिलाई घाईची होते आणि परत येणारे कपडे वाढतात. त्याच मंडळावर ‘इतके सूट या महिन्यात शिवून होणार नाहीत’ असे ठणकावून सांगणारा कोणी आहे का, ते पाहावे.