खानापूरच्या पावसात डॉबरमन शेतावर बाहेर राहील का?

शेतावर राहील, पण रात्री गोठ्यात किंवा उघड्या पडवीत बांधून नाही. डॉबरमनला आखूड केसांखाली लोकरीसारखा दुसरा थर नसतो. त्यामुळे खानापूरचा पाऊस आणि डिसेंबरची थंडी दोन्ही त्याला सोसत नाहीत. घरात कोरडी जागा आणि जमिनीपासून वीतभर उंच फळी द्या. कायम साखळीला असलेला डॉबरमन राखणदार होत नाही, नुसता चिडका होतो.

खरी डोकेदुखी गोचिडांची. गुरं जवळ असली की जास्तच. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत रोज बघा. ताप, खाणं सुटणं, नाकातून रक्त ही गोचीडतापाची लक्षणं असू शकतात. लगेच रक्त तपासा. गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका, विषबाधा होते. उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टोची लस पावसाळ्याआधी पूर्ण करा.

नुसत्या दूध-भाकरीवर हे जनावर पोसत नाही. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ४०-४५ किलो. अंडी, मांस किंवा दिवसाला साधारण ४५० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, तेही दोन वेळांत विभागून. जेवणानंतर तासभर पळवू नका. पोट फुगलं आणि ओकारी येऊनही काही पडत नसेल, तर पोटाला पीळ बसलेला असू शकतो. सकाळची वाट न बघता रात्रीच बेळगाव गाठा.

या जातीत हृदयविकार आनुवंशिक असतो. पिल्लू घेताना आई-बापाच्या हृदयाची तपासणी झाली आहे का, हे वंशावळीच्या कागदांआधी विचारा.